बदलीवाल्याचा नियम

ज्याला सायकलची उतरलेली साखळी कधी धड चढवता आली नाही, त्या दातांच्या डॉक्टरनं वडिलांची जुनीपुराणी मोटार खोलायला काढली, तेव्हा गल्लीनं कपाळाला हात लावला. लोकांचं काय जातं म्हणा हसायला! डॉक्टरचं घोडं अडलं होतं ते आईपाशी. वडील गेल्यापासून म्हातारीनं अंगणाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. गुडघ्यांचं निमित्त होतंच. पण खरं कारण ती स्वतःच सांगायची.

"बसेन तर यांच्याच गाडीत. नाहीतर चौघांच्या खांद्यावरून जाईन. कळलं का रे ठोंब्या?"

हे ती दवाखान्यात रोग्यांसमोरही म्हणायची, कारण दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत होता. तोंड उघडून बसलेला रोगी हसू दाबता दाबता ठसकायचा. डॉक्टर वरवर चिडायचा, पण 'ठोंब्या' या एका हाकेवर तो अजून कुणाचा तरी मुलगा होता.

गाडीचे भाग मिळणं म्हणजे मात्र वाळू रगडून तेल काढणं होतं. दुरुस्तीचं पुस्तक महाप्रयासानं मिळालं, तर त्यातली नेमकी ब्रेकची पानं उंदरांनी फस्त केलेली. भंगारवाले कार्बुरेटर हातात घेऊन उलटासुलटा करायचे आणि सहानुभूतीनं परत द्यायचे. शेवटी एका रेडिएटरवाल्याला दया आली. "बदलीवाल्याकडे जा," तो म्हणाला. "त्याच्याकडे नाही असं काही नाही. फक्त तो काही विचारेल तेव्हा पटकन हो म्हणू नका."

बंद पडलेल्या कारखान्यांच्या रांगेत बदलीवाल्याचं गोदाम अगदी शेवटचं. आत छतापासून तारांना हजारो भाग टांगलेले. वारा नसतानाही त्यातला एखादाच हळूच गिरकी घ्यायचा. बदलीवाला पालथ्या ड्रमवर बसलेला. त्यानं कार्बुरेटर पाहिला, उठला आणि तारेवरून तसाच दुसरा काढून दिला. कोरा करकरीत.

"किती द्यायचे?"

"पैसे नकोत. जुना द्या, नवा घ्या. एवढाच नियम."

डॉक्टरला वाटलं, घबाड सापडलं. बदलीवाल्यानं जुना कार्बुरेटर मऊ फडक्यात गुंडाळला आणि तान्हं मूल उचलावं तसा आत नेला. नवा कसा बसवायचा, कुठला स्क्रू किती पिळायचा, हेही त्यानं बाहेर येऊन नीट समजावलं. घरी तो भाग असा बसला की कानस लावायचीही गरज पडली नाही.

मग डॉक्टरला चटकच लागली. ब्रेकचा सिलिंडर गेला, हॉर्न गेला, पुढची सीट गेली, दरवाजे गेले. गाडी उजळत चालली. आईच्या बाजूच्या दरवाज्याच्या मुठीवर तिच्या अंगठीचे ओरखडे होते, ती मूठही गेली. म्हातारी काठी टेकत अंगणात आली आणि नव्या मुठीवरून हात फिरवून म्हणाली, "माझी मूठ कुठंय?"

"गंजली होती गं."

"मीही गंजलेय."

डॉक्टर हसला. ती हसली नाही.

गोदामात मागच्या अंगाला एक ताडपत्री होती. पहिल्या खेपेला ती जमिनीसरपट पडलेली होती. आता तिच्याखाली काहीतरी उभं राहिलं होतं, कमरेएवढं, मग छातीएवढं. डॉक्टरनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. फुकट मिळणाऱ्या गोष्टीची चौकशी कोण करतो?

शेवटी स्टिअरिंग तेवढं राहिलं. ते तडकलं होतं, पण वडिलांचा अंगठा वर्षानुवर्षं जिथं टेकायचा, तिथं एक गुळगुळीत खळगा पडला होता. आई म्हणाली, "ठोंब्या, ते तेवढं राहू दे. त्यांचं एवढंच उरलंय त्या गाडीत."

डॉक्टरनं त्या खळग्यावरून बोट फिरवलं. पण एवढं सगळं झाल्यावर एका तडकलेल्या चाकासाठी अडून बसायचं? त्यानं ते काढलंच. जुनं स्टिअरिंग हाती पडलं तेव्हा बदलीवाल्यानं आपला अंगठा त्या खळग्यात ठेवून पाहिला.

"आता गाडी पुरी झाली," तो म्हणाला. "आणखी काही जुनं आहे घरात?"

काम फत्ते झाल्याच्या आनंदात डॉक्टरची जीभ सैल सुटली. "आई आहे की! तिचेही गुडघे बदलून द्या, म्हणजे सुटलो."

बदलीवाला हसला नाही. त्यानं डॉक्टरकडे नीट पाहिलं. "नुसते गुडघे मिळत नाहीत. राजी आहात?"

"हो हो, एकदम राजी," डॉक्टर म्हणाला आणि नवं स्टिअरिंग घेऊन बाहेर पडला. रेडिएटरवाल्याचं बोलणं त्याला अर्ध्या वाटेवर आठवलं. तेव्हा त्याच्या मनात जराशी पाल चुकचुकली, इतकंच.

रविवारी सकाळी गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. इंजिनाचा आवाज शिलाई यंत्रासारखा सरळ. डॉक्टर धावतच आईला आणायला घरात शिरला, आणि तेवढ्यात मागच्या गल्लीत हॉर्न वाजला. एक लांब, दोन आखूड. जरा घोगरा, सर्दी झाल्यासारखा. वडील घरी आले की असाच वाजवायचे, आणि तो घोगरा हॉर्न डॉक्टरनं स्वतःच्या हातानं देऊन टाकला होता.

आईची खुर्ची रिकामी होती. काठी भिंतीला टेकवलेली होती. मागचं दार सताड उघडं होतं.

तो अनवाणी धावला. गल्लीच्या वळणावर रंग उडालेली जुनी मोटार सावकाश वळत होती. आत दोन डोकी दिसली. एक चालवणारं, आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या केसांचं, त्याच्याकडे झुकून काहीतरी सांगणारं. डॉक्टरनं जिवाच्या आकांतानं "आई!" म्हणून हाक मारली. कुणी मागं पाहिलं नाही.

गाठायचं म्हणून तो अंगणातल्या गाडीकडे परत पळाला. दार उघडलं आणि तिथंच थिजला.

शेजारच्या सीटवर एक तरुण बाई बसली होती. आईच्या लग्नाच्या फोटोतला चेहरा, तेच कपाळ, तोच हनुवटीवरचा तीळ. हातावर एक सुरकुती नाही. बोटातल्या अंगठीवर एक ओरखडा नाही.

"आई?" तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा निघाला.

पहिल्यांदा दवाखान्यात येणारा रोगी पाहतो तसं तिनं त्याच्याकडे पाहिलं, अदबीनं आणि थोडं घाबरून. मग ती चटकन खाली उतरली, काठीवाचून, कण्हल्यावाचून, आणि पदर सावरून उभी राहिली.

"माफ करा हं," ती म्हणाली. "तुम्ही कोण?"

डॉक्टरनं वर्षानुवर्षं ज्या नावाची लाज बाळगली, ते नाव तिनं आठवावं म्हणून तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. ती नुसती हसली. सगळे दात पांढरेशुभ्र होते, त्यानं भरलेला एकही नव्हता.