क्ष बाईंचं घर

एकवीस वर्षं बेलीफ आहे मी. कोर्टाचे कागद घरोघर पोचवायचे, एवढंच काम. दारुडे नवरे, मारकुट्या म्हशी, चावरी कुत्री, सगळ्यांना पुरून उरलो. पण 'क्ष'नं माझा पार घाम काढला.

एका बाईनं डेअरीवाल्या कानिफनाथशेठवर भरपाईचा दावा टाकला होता. दूध मापायच्या खोलीत त्यानं तिच्यावर जबरदस्ती केली म्हणून. बाईची बदनामी नको म्हणून जजसाहेबांनी हुकूम केला, नाव सीलबंद पाकिटात आणि कागदावर नुसतं 'क्ष'. चांगला हुकूम, वाद नाही. पुढं तिच्या वकिलानं अंग काढून घेतलं, शेठ त्याचा पाहुणा निघाला. मग कोर्टानं थेट बाईलाच नोटीस काढली. सोमवारी हजर व्हा, नाहीतर दावा काढून टाकू.

नोटिशीवर होतं : क्ष, वय सज्ञान, धंदा घरकाम. आणि खाली गाव. गावाचं नाव मी सांगणार नाही, मिरजगावच्या पुढं आहे एवढं पुरे.

कारकुनाला म्हटलं, "भाऊसाहेब, पत्ता?"

"गोपनीय आहे."

"मग देऊ कुणाला?"

"वादीला!" तो माझ्यावरच डाफरला. आता बोला!

गावात उतरलो आणि तिथं माझी अक्कल शेण खायला गेली. अजिनाथच्या चहाच्या टपरीवर मी मोठ्यानं विचारलं, "कानिफशेठवर दावा केलेली बाई कुठं राहते हो?"

अजिनाथ चहा गाळता गाळता म्हणाला, "ती व्हय, पान्याच्या टाकीमागची."

"येड्या, ती न्हाई," बाकावरचा सहादेव म्हणाला. "गिरनीच्या बोळातली."

तिसरा म्हणाला, "शाळंमागची आसंल. तिनं डेअरीला दूध घालायचं एकाएकी बंद केलंय."

कुणी दचकलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त प्रत्येकाला वेगळी बाई ठाऊक होती. माझं डोकं सणकलं. एवढं माहीत असून हे लोक दूध मात्र रोज तिथंच घालतात!

तिन्ही घरं फिरलो. हजर नाही झालं तर दावा निघेल, हे प्रत्येकीला सांगितलं. टाकीमागची भाकरी थापत होती. शेठचं नाव ऐकताच तिचा हात थांबला. "म्या न्हाई केला दावा," म्हणाली. मग हळूच, "कुनी केला?" गिरणीजवळचीनं दार लोटून घेतलं आणि फटीतनं विचारलं, "तारीख कवाची हाय?" शाळेमागचीनं नोटीस दोनदा वाचली, माझी न्हाई म्हणाली आणि परत दिली. 'माझ्यावर कसला आळ घेता' असं मात्र तिघींपैकी एकीनंही म्हटलं नाही.

नाव झाकायचा हुकूम, आणि मी गावभर दवंडी पिटून आलो. स्वतःची लाज वाटली. कोर्टात येऊन अहवाल लिहिला : वादी मिळून आली नाही.

सोमवारी शेठ कडक इस्त्रीत, पुढच्याच बाकावर. पट्टेवाल्यानं व्हरांड्यात पुकारा केला, "क्ष हाजिर हाय का?" दावा काढून टाका म्हणायला शेठचा वकील अर्धा उठलाही. तेवढ्यात डोक्यावर पदर ओढून तिघीजणी आत आल्या. तिघी व्हरांड्यातल्या वेगवेगळ्या बाकांवरनं उठलेल्या.

साहेबांनी माझा अहवाल वर धरला. "बेलीफ, वादी मिळाली नाही ना?"

"वादी नाही मिळाली साहेब. या मिळाल्या."

"यांच्यातली वादी कोण?"

टाकीमागची म्हणाली, "म्या न्हाई, साहेब. पन ती आली न्हाई म्हनून दावा काढू नका, एवढंच सांगाया आले." बाकीच्या दोघी तिच्याकडं बघतच राहिल्या. त्या दोघीही तेच सांगायला आल्या होत्या.

साहेबांनी बाकी लोकांना बाहेर काढलं आणि मला दार लावायला सांगितलं. लावतच होतो, तर चौथी बाई धापा टाकत आत घुसली.

"मी हाय ती," म्हणाली. "येनारच न्हवते, साहेब. काल कळलं, बेलीफ तीन घरी जाऊन आला म्हनून." तिनं वळून तिघींकडं पाहिलं. "मला वाटलं हुतं, मी एकलीच हाय."