फरफटत मिटणारे दात

माझी पणजी लाकडाची सरळ नळी होती, आजी एका कानाची, आई दोन कानांची. तिघींनीही छातीचे ठोके ऐकले. मित्रांनो, मी त्याच स्टेथोस्कोपांच्या घराण्यातली जुनी नळी. मात्र मला दोन तोंडे आहेत आणि मी मुलांचे दात ऐकते. दातांच्या डॉक्टरीणबाई माझी तोंडे मुलाच्या गालांच्या हाडांवर टेकवत आणि त्याला दात मिटायला सांगत. दात नीट जुळत असतील, तर एकच स्वच्छ ‘टक्’ उमटे. एखादा दात आधी लागून जबडा सरकत असेल, तर आवाज फरफटत येई. माझ्या कानातून काही सुटत नसे, हे मी ताठ मानेने सांगते.

तरीही एका आवाजाने आम्हाला पछाडले. एका लहान मुलीचे दात फरफटत मिटले, तेव्हा बाई म्हणाल्या, “अगं, नीट चाव!” गुणी पोरीने जबडा सावरून चावले. ‘टक्’. शाबासकी घेऊन ती घरी गेली. काही वर्षांनी बाईंना ती रस्त्यात दिसली. हनुवटी डावीकडे वाकली होती; त्या ‘टक्’खाली झाकलेला दोष वाढत गेला होता.

तेव्हापासून दवाखाना रिकामा झाला, की बाई मला कानांत घालून बसत. समोर खुर्चीत कोणी नसे, माझी तोंडे हवेत लोंबत. आणि तरी तो फरफटता आवाज येई.

एका सकाळी तीच मुलगी, आता आई होऊन, लेकीला घेऊन आली.

“ओळखलंत का, बाई?”

“न ओळखून कसं चालेल? तुझं देणं आहे माझ्याकडे.”

“मग हिच्याकडे फेडा. फक्त ‘नीट चाव’ म्हणू नका हं!”

माझा स्पर्श होताच छोटी किंचाळली, “ई, केवढं गार!”

“गार? मग आधी तुझ्या आईलाच लावू,” बाई म्हणाल्या. छोटी खुदकन हसली आणि सैलावली. “आता डोळे मीट. दात मिटतील तसे मिटू देत.”

तोच आवाज! मी शहारले. मित्रांनो, मूल चुकते तेव्हा आधी त्याची चूक पुरती ऐकून घ्या. सुधारायची घाई करू नका. बाईंनी या वेळी तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला. दुधाचा एक सुळा आधी लागत होता. त्याचे टोक त्या किंचित घासत, ऐकत, पुन्हा घासत.

अखेर बाईंनी मला स्वतःच्या कानांतून काढून आईच्या कानांत घातले. छोटीने दात मिटले.

‘टक्’.

“पुन्हा गं, राणी.”

‘टक्’.

आईने डोळे पुसले. “फिटलं, बाई.”