गोजराबाईला काय म्हणायचं

"काकी, सातच्या आत नक्की सांगा हं. मला फाइल पाठवायची आहे," चैताली फोनवर म्हणाली.

गोजराबाईच्या हातात सुई होती, मांडीवर झेंडूचा अर्धा हार होता आणि फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबलेला होता. "कसली फाइल गं?" तिनं सुनेला विचारलं.

"तेजलचं पुस्तक छापून घेतेय ना, कापडाचं. एकेका पानावर घरातल्या एकेकाचा फोटो आणि खाली तिनं काय म्हणायचं ते. मम्मा, बाबा, मामा असं. माझी मम्मी आजी झालीये. तुम्हाला वेगळं काहीतरी हवं, नाहीतर ती कन्फ्यूज होईल. तुमच्या आवडीचं सांगा."

पुण्यात राहणाऱ्या दहा महिन्यांच्या नातीला एवढ्यात काय कन्फ्यूज व्हायचंय, हे गोजराबाईला कळलं नाही. पण 'तुमच्या आवडीचं' हे मात्र नीट कळलं. तिच्या आवडीचं कुणी विचारल्याला बरीच वर्षं झाली असावीत, कारण आठवू म्हटलं तरी एकही प्रसंग आठवेना. त्या नादात समोरच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत तिनं शेवंतीचा एक गजरा जास्तीचा टाकला.

मखमलाबाद नाक्यावर तिची फुलांची टपरी. शेजारी साधनाचं नारळ-अगरबत्तीचं दुकान. साधनाला कुठलीही गोष्ट कळायला वेळ लागत नसे, कारण ती कान देऊन ऐकत असे आणि तसं कबूलही करत असे.

"मग आजीच म्हणू दे की. आजीला आजी म्हणायची चोरी हाय का?"

"ते विहीणबाईंनी घेतलं."

"घेतलं म्हंजे? रेशनचं दुकान हाय का, आधी येईल त्याला?" साधना भडकली आणि लगेच निवळली. "दादी म्हणव मग. टीव्हीवरच्या शिरेलीतल्या दाद्या लय भारी साड्या नेसतात. माझा नातू तर मला नावानं हाक मारतो. साधनाऽऽ चहा आण! त्याच्या आज्याचं बघून शिकलाय मेला."

गोजराबाई हसली. मग खाली मान घालून, दोऱ्याला गाठ मारता मारता म्हणाली, "मोठी आई कसं वाटतं गं?"

"चांगलं हाय की. लय घरांत म्हणतात."

लय घरांत म्हणतात, हे गोजराबाईलाही ठाऊक होतं. तिला ते हवं होतं ते एवढ्याचसाठी, की त्यात आई होतं.

कारण तिला आई असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं. म्हणजे मुलगा होता, चांगला एकुलता एक, नवनाथ. पण ती लग्न होऊन मखमलाबादच्या मळ्यात आली तेव्हा घरात थोरल्या जावेची, फुलाबाईची, तीन मुलं होती. ती फुलाबाईला आई म्हणत आणि हिला काकी. गोजराबाई पहाटे फुलांच्या पाट्या घेऊन बाजारात जायची ती उन्हं चढल्यावर परतायची, आणि मग वावरात. पोरांचं न्हाणंधुणं, खाणंपिणं फुलाबाईकडे. नवनाथ बोलायला लागला तो इतरांचं ऐकूनच बोलायला लागला. फुलाबाई आई, आणि जन्म देणारी काकी. अशी घरं तेव्हा पुष्कळ होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. गोजराबाईला वाटायचं, पण ते सांगणार कुणाला?

नवनाथ तीन वर्षांचा असताना तिनं एकदा चोरी केली. फ्लॉवरच्या वावरात त्याला बांधावर बसवलं आणि पेरूची एकेक फोड दाखवत म्हणाली, "आई म्हण." पोरगं पेरूसाठी म्हणालं. आठवडाभर हा उद्योग चालला. शेवटी एका संध्याकाळी, सगळे जेवायला बसलेले असताना, नवनाथनं "आई, पाणी" म्हणत हिच्याकडे हात केला. फुलाबाई तांब्या घेऊन उठली, हीही उठली. दोघी समोरासमोर उभ्या. घर खो खो हसलं, फुलाबाई सगळ्यांत जास्त. एक मोतीराम, हिचा नवरा, हसला नाही. खोलीत आल्यावर म्हणाला, "पोराला आज वेगळं शिकवतीस, उद्या वेगळी चूल मागशील. भावापुढं मान खाली घालायला लावती का मला?"

दुसऱ्या दिवशी गोजराबाईनं नवनाथला पुन्हा बांधावर बसवलं आणि स्वतःच शिकवलं, "आई ती. मी काकी." हे मात्र पोरगं एका दिवसात शिकलं, तेही पेरूशिवाय.

पुढे दहा वर्षांनी बोअरच्या पाण्यावरून भाऊभाऊ भांडले आणि चुली वेगळ्या झाल्याच. तोवर नवनाथच्या तोंडात काकी पक्कं बसलं होतं. मोतीराम गेला, नवनाथ नोकरीला पुण्याला गेला, आणि गोजराबाई नाक्याजवळ दोन खोल्या घेऊन राहिली. तिथे तिला हाक मारायला गॅस सिलिंडरवाल्याशिवाय कुणी येत नसे.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. फुलांवर पाणी शिंपडत तिनं हळूच म्हणून पाहिलं, "मोठी आई आली. मोठ्या आईला पापा दे." बरं वाटलं. तिनं पुन्हा म्हटलं. सहाला टपरी बंद करून ती घरी आली, तोंड धुतलं, केस विंचरले आणि नवी साडी नेसली. फोटोही काढून घेतील कदाचित, असं तिच्या मनात होतं.

पावणेसातला व्हिडिओ कॉल आला. नवनाथ होता.

"बोल काकी, ठरलं का?"

"ठरलं," ती म्हणाली.

"थांब, आधी तुला सांगतो. सकाळी आईला फोन केला होता. तिचा फोटो पहिल्याच पानावर टाकतोय. म्हटलं, तेजलनं तुला काय म्हणायचं? तर म्हणाली, मोठी आई म्हणू दे. आणि रडायलाच लागली गं. दिवाळीपासून अंथरुणावर आहे, एवढी खूश पहिल्यांदाच ऐकली तिला. हां, तुझं सांग."

आपण मागितलं तर नवनाथ ते बदलून देईल, हे गोजराबाईला माहीत होतं. फुलाबाईही नाही म्हणायची नाही. ती हसून देऊन टाकील, आणि मग याही वेळी देणारी तीच ठरेल. तिला जावेचा राग आला, आणि अंथरुणावर पडलेल्या बाईचा राग आला म्हणून स्वतःची लाज वाटली.

"काकीच राहू दे," ती म्हणाली.

"काकी? अगं, नात आहे ती तुझी."

"तू म्हणतोस, चैताली म्हणते. तिला आन् वेगळं कशाला?"

नवनाथ मोकळेपणी हसला. "मला वाटलंच होतं. तुला असल्या गोष्टींनी काही फरक पडत नाही. चैताली, काकीच टाक गं!"

"नाय पडत," गोजराबाई म्हणाली.

चैताली तेजलला कडेवर घेऊन आली. "तेजू, कोण आहे बघ! का-की. म्हण, का-की." तेजलनं आधी फोनवर थापट्या मारल्या, लाळ गाळली, आईच्या ओठांकडे निरखून पाहिलं आणि खणखणीत म्हणाली, "काक्की!"

तिकडे एकच गोंधळ उडाला. आजवर बब्बा-बब्बाच्या पलीकडे पोर गेली नव्हती. "पहिला शब्द!" नवनाथ ओरडला. "काकी, ऐकलंस का? मम्मा नाही, बाबा नाही, डायरेक्ट तू! लकी आहेस बघ!" चैताली टाळ्या वाजवत होती. टाळ्यांनी पोर चेकाळली आणि थांबेचना. काक्की, काक्की, काक्की.

त्या दोन खोल्यांत इतक्या वेळा कुणी कधी हाक मारली नव्हती. गोजराबाईनं पदरानं तोंड पुसलं, फोन जवळ घेतला आणि ओ दिली.