उत्तरेकडचा कोपरा

नव्या कोचने आल्या आल्या पहिली भेट घेतली ती मैदानवाल्या ताईंची. काखेत लॅपटॉप, गळ्यात शिट्टी, आणि वयाने ताईंच्या धाकट्या भावापेक्षाही लहान. क्लब पहिल्यांदाच देशातल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगमध्ये पोचला होता आणि हा माणूस एका बड्या क्लबातून खास बोलावून आणला होता.

"गवत पंचवीस मिलिमीटर," तो म्हणाला. "सामन्याआधी सगळीकडे सारखं पाणी. बॉल कसा सुळकन पळाला पाहिजे."

"सगळीकडे सारखं नाही चालायचं, सर," ताई म्हणाल्या. "उत्तरेकडच्या कोपऱ्यावर दिवसभर स्टँडची सावली असते. तिथलं पाणी लवकर जिरत नाही."

"बाई, आकडे मी दिलेत. तुम्ही तेवढं करा म्हणजे झालं."

ताईंनी तेवढं केलं. एकोणीस वर्षं त्या हे मैदान सांभाळत होत्या. त्याआधी सार्वजनिक बागेत रोपांना पाणी घालायच्या. इतक्या वर्षांत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती: मैदान चांगलं असलं तर कुणाच्या ध्यानीमनी नसतं, आणि बिघडलं की शहरातला प्रत्येक माणूस गवतातला जाणकार होतो.

पहिल्याच सामन्यात, विसाव्या मिनिटाला, क्लबचा बचावपटू त्याच कोपऱ्यात घसरून सपशेल आडवा झाला. पोरगा सहा फूट चार इंच, त्यामुळे सगळे त्याला लांबडा म्हणत. तो पडला तो विजेचा खांब पडावा तसा. समोरचा खेळाडू त्याला वळसा घालून आरामात पुढे गेला आणि गोल करून आला.

सामना संपल्यावर 'मी सांगितलं होतं' हे शब्द ताईंच्या अगदी जिभेवर आले होते. तेवढ्यात लांबडा लंगडत आला. गुडघा सोललेला, कोपरापर्यंत चिखल.

"ताई, तुमचं गवत हातभर खरवडलं हो माझ्यामुळे. सॉरी."

ताईंनी ते शब्द गिळले. "गवत येईल परत. आधी गुडघा धू."

त्यानंतर क्लबची जी घसरगुंडी सुरू झाली ती थांबेना. सात सामने झाले, सहा हरले, एक कसाबसा बरोबरीत सुटला. अठरा संघांमध्ये क्लब अठरावा. घरी ताईंच्या सासूबाई रेडिओ कानाला लावून बसायच्या आणि पंचांपासून ते कॉमेंट्री करणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करायच्या.

"तुमचा तो कोच," त्या एकदा म्हणाल्या, "त्याला म्हणावं बाळा, बॉल गोल असतो, चौकोनी नसतो."

"त्याला तेवढं माहीत आहे, आई."

"मग पोरांना सांगायला विसरला असेल."

आठव्या सामन्याच्या आदल्या सकाळी ताई नेहमीसारख्या सहाला मैदानावर आल्या, तर कोच मधोमध एकटाच उभा. डोळे तारवटलेले. झोप लागली नसावी. ताईंनी चपला कडेला काढल्या आणि अनवाणी चालायला लागल्या.

"असं का चालता?" त्याने विचारलं.

"बुटातून काही कळत नाही, सर. पायाला कळतं."

"काय कळतं?"

"काढा तुमचे. दाखवते."

त्याने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग मुकाट्याने बूट काढले, मोजे घडी करून आत खोचले. गार दवात पहिला पाय टेकताच तो शहारला. ताईंनी त्याला तासभर हिंडवलं. मध्यरेषेजवळ माती भुसभुशीत, तिथे बॉल मंदावतो. उजव्या बाजूला जमिनीखालून जुनी गटाराची लाइन गेलीय, तिथे किंचित उंचवटा आहे, बॉल डावीकडे उडतो. चार वाजल्यानंतर ऊन पश्चिमेच्या स्टँडवरून थेट समोरच्या गोलकीपरच्या डोळ्यांत येतं. आणि उत्तरेचा कोपरा म्हणजे चिकट गूळ, तिथे ज्याच्याकडे बॉल असेल तोच अडकतो.

कोच पटापट वहीत लिहून घेत होता. शेवटी म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगत होते. तुम्ही आकडे देत होता."

तो एकदम मोठ्याने हसला. त्या मोसमात त्याला हसताना कुणी पाहिलंच नव्हतं. "चुकलं माझं," तो म्हणाला. "ताई, उद्या पाणी किती मारायचं ते तुम्हीच ठरवा."

दुसऱ्या दिवशी क्लब दोन गोलांनी जिंकला. पाहुण्यांचा चपळ खेळाडू उत्तरेच्या कोपऱ्यात जाऊन जाऊन दमला. एकदा तर तो स्वतःच्या बुटाकडे असा रागाने बघत राहिला, की लांबड्याने हळूच येऊन बॉल काढून नेला तरी त्याला पत्ता नाही. मग घरचे सामने एकामागून एक सुधारत गेले. बाहेरगावी मार खायचा आणि घरी येऊन भरून काढायचं, असं करत करत क्लब सोळाव्या जागेवर आला. शेवटचे दोन संघ खालच्या लीगमध्ये जाणार होते. शेवटचा सामना घरी, आणि बरोबरी झाली तरी पुरणार होती.

त्या दिवशी सकाळी पावणेसहाला ताई आल्या आणि कडेलाच थबकल्या. स्टँडखालचा मोठा पाइप फुटला होता. उत्तरेच्या कोपऱ्यात तळं साचलं होतं आणि त्यात एक बगळा एका पायावर, तिकीट काढून आल्यासारखा, ऐटीत उभा होता.

त्यांनी धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला आणि कोचला फोन लावला.

"सर, कोपऱ्यात बगळा आलाय."

"काय आलंय?"

"पाणी भरलंय हो! पाइप फुटला!"

बारा वाजता पंच मैदान बघायला येणार होते. बॉल उसळला नाही, तर सामना दोनशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या मैदानात. ना आपली माणसं, ना आपली माती. कोच वीस मिनिटांत हजर झाला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"काय करायचं ते तुम्ही सांगा," तो म्हणाला. "आम्ही करतो."

ताईंनी पदर खोचला. आधी पंप लावून वरचं पाणी उपसलं. मालिश करायच्या खोलीतल्या जुन्या गाद्या फाडून स्पंजचे तुकडे केले. ऑफिसातल्या बाया टॉवेल घेऊन आल्या, तिकीट खिडकीवाला बादल्या घेऊन आला. सासूबाईंनी फोन करून अख्खी गल्ली उठवली आणि स्वतः टॅक्सीत जुन्या चादरींचा ढीग घालून आल्या. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या आणि मुकादमासारख्या हुकूम सोडू लागल्या.

"रगडू नका!" ताई ओरडत होत्या. "टिपा! बाळाचं अंग टिपतात तसं टिपा!"

खेळाडू आले तेव्हा त्यांनाही स्पंज हवे होते. ताईंनी तासाभरात त्यांना हाकलून दिलं. "जाऊन आडवे व्हा. तुमचे पाय मला चार वाजता हवेत." लांबडा तरी गुडघ्यांवर बसून टिपतच राहिला. त्याच्या कानाला धरून उठवावं लागलं, आणि त्यासाठी ताईंना टाचा उंचावाव्या लागल्या नाहीत, असं एकोणीस वर्षांत प्रथमच घडलं असं सासूबाई म्हणाल्या. लांबडा क्लबात येऊन दोनच वर्षं झाली होती, पण त्यांना कोण अडवणार?

मग लोखंडी काट्यांनी जमिनीला भोकं पाडली, त्यांत वाळू सोडली, पुन्हा टिपलं.

बरोबर बाराला पंच आले. भरघोस मिशा, चेहऱ्यावर रेष नाही. त्यांनी कोपऱ्यात बॉल सोडला. तो गुडघ्याएवढा उसळला. त्यांनी बॉल घरंगळवला. तो गेला, रेंगाळला, थांबला. त्यांनी पुन्हा घरंगळवला. शंभर माणसं हातातले स्पंज तसेच धरून उभी.

"अहो साहेब," सासूबाईंना राहवेना, "माझ्या कंबरेकडे बघून तरी हो म्हणा!"

मिशा हलल्या. "खेळता येईल," पंच म्हणाले.

सामन्यात मात्र अर्ध्या तासातच क्लबवर गोल बसला, आणि तो चांगल्या कोरड्या बाजूने. ताई खेळाडूंच्या वाटेवर भिंतीला टेकून उभ्या होत्या. बघवत नव्हतं, म्हणून डोळे मिटले. ऐकवतही नव्हतं, म्हणून पुन्हा उघडले. पंचाऐंशी मिनिटं झाली. दक्षिणेकडून एक कॉर्नर मिळाला. बॉल उंच आला, गर्दीतून लांबडा वर वर जात राहिला, आणि त्याच्या कपाळाने बॉल जाळ्यात गेला. शेजारी उभ्या तिकीट खिडकीवाल्याला ताईंनी कडकडून मिठी मारली. नंतर दोघेही लाजले.

शेवटची पाच मिनिटं कोचने कुणाकुणाला काय सूचना दिल्या हे त्याचं त्यालाही आठवलं नाही. शिट्टी वाजली. एक-एक. क्लब राहिला!

कठडे ओलांडून सगळा लोंढा मैदानात उतरला. आजोबा, पोरंटोरं, ऑफिसातल्या बाया, सगळेच. कोपऱ्यातली वाळू उधळली गेली, भोकं पाडलेलं गवत ढेकळांनी उखडलं गेलं. कोच धापा टाकत ताईंपाशी आला.

"ताई, थांबवू का यांना? सगळं मैदान गेलं!"

ताईंनी एकदा त्या चिखलाकडे पाहिलं, एकदा खुर्चीवर उभं राहू पाहणाऱ्या सासूबाईंकडे.

"नाचू द्या हो," त्या म्हणाल्या. "मोसम संपला, पेरायचं तर सगळंच आहे." आणि सासूबाईंना धरायला त्या धावल्या.