बारा लिटरचं पान

परदेशी पैलवानांचे खेळायचे पत्ते शिवाजी पेठेत पहिल्यांदा कुणी आणले ते मला माहीत नाही. पण त्यामुळे तालमीचे अध्यक्ष बाळासो यांचा किती अपमान झाला ते मला चांगलं माहीत आहे, कारण तो त्यांनी माझ्या छापखान्यात येऊन, माझ्या टेबलावर मूठ आपटून सांगितला. तिकडे तालमीत लाल मातीत पैलवान झुंजत होते आणि बाहेर पायरीवर बसलेली पोरं रंगवलेल्या तोंडाच्या गोऱ्या माणसांची वजनं ओरडत होती.

"प्रसेन, कोल्हापुरात पैलवान भाईरनं मागवायची पाळी आली व्हय रं?"

मी म्हटलं, पत्तेच आहेत, पोरं खेळतात.

"मग आपलं छाप. आपल्या तालमीचं. उंची, वजन, छाती, मारलेल्या कुस्त्या आणि खुराक."

खुराकाचा रकाना परदेशी पत्त्यांत नव्हता. तो बाळासोंनी घातला, आणि पुढचं सगळं रामायण त्या रकान्यानं केलं.

हा खेळ ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पत्ते दोघांत निम्मे वाटायचे. ज्याची पाळी त्यानं आपल्या वरच्या पानावरचा एक रकाना बोलायचा, 'वजन' किंवा 'छाती'. ज्याचा आकडा मोठा, त्यानं दोन्ही पानं घ्यायची आणि पुढचा रकानाही त्यानंच बोलायचा. एवढंच. माझा छापखाना मंगळवार पेठेत आहे. लग्नपत्रिका आणि वाढदिवसाची पोस्टरं छापून माझं पोट भरतं, त्यामुळे माणसं स्वतःबद्दल काय काय छापून घेतात याची मला सवय होती. तरीही पैलवानांनी मला दमवलं.

एकेक गडी येऊन आपलं माप सांगून जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा, कारण मित्राचं माप त्याच्या कानावर गेलेलं असायचं. एका रात्रीत दंड वाढले, छात्या वाढल्या, आणि एका चाळिशीतल्या गड्याची उंचीसुद्धा वाढली. पण खरी झटापट झाली ती खुराकावर, म्हणजे रोजच्या दुधावर. आमच्याकडे पैलवान किती जणांना चीत करतो याच्याआधी तो किती पितो हे विचारतात. पाच लिटर सांगणाऱ्याला सात लिटरवाल्यानं मागं टाकलं आणि सातवाल्याला नऊवाल्यानं.

बाळासोंचा मुलगा आदर्श याच्या पानावर मारलेल्या कुस्त्या होत्या तीन. त्यातली एक समोरचा गडी आलाच नाही म्हणून मिळालेली. उंची बेताची, छाती बेताची. पोरगा मनानं चांगला, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, आणि कुठल्या कामातही नाही. बाळासोंनी प्रूफ हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "एक तरी रकाना असा पायजे की त्यात माझ्या पोराला कुणी हात लावायचा न्हाय. खुराक बारा लिटर लिव."

"बाळासो, बारा लिटर दूध रेडकू बी पीत न्हाय."

"रेडकाचं पान छापतोयस काय? लिव."

मी लिहिलं. तालमीच्या शताब्दीच्या समारंभात पत्ते वाटले गेले आणि पेठेत एकच धुमाकूळ झाला. पहिले काही दिवस आदर्शच्या पानाला असा भाव आला की त्याच्या बदल्यात पोरं दोन-दोन नामांकित पैलवान द्यायला तयार होती. 'आदर्श वर आला की खुराक बोलायचं' हे लहान पोरालाही पाठ झालं. आदर्श रस्त्यानं निघाला की "खुराक आला रं!" अशी आरोळी उठायची. त्याला ती कौतुकाची वाटायची.

मग पोरांच्या डोक्यात प्रकाश पडला. पाळी आपली असेल तर हे पान मारतं. पण पाळी समोरच्याची असेल, तर तो खुराक सोडून काहीही बोलला की हे पान पडतं, कारण बाकी रकान्यांत त्याच्याहून छोटं पान अख्ख्या संचात नव्हतं. थोडक्यात, बोलायचा हक्क आपल्याकडे असेल तोवरच आदर्श पैलवान. भाव उतरला. नंतर नंतर तर दोन आदर्श दिले तरी एक नामांकित मिळेना. बाळासोंना हे कुणी सांगितलं नाही. त्यांच्या घरात, तालमीत आणि पेठेत बोलायची पाळी कायम त्यांचीच असायची, त्यामुळे त्यांना ते कळण्याचं कारणही नव्हतं.

त्याच दिवसांत आदर्श माझ्या छापखान्यात येऊन उगाच शाईचे डबे इकडचे तिकडे करायला लागला. शेवटी म्हणाला, "दादा, बीकॉम म्हंजे किती वर्षं शिकाय लागतंय?"

मी विचारलं, कुणाला शिकायचंय?

मग सगळं बाहेर आलं. इचलकरंजीला एका दोस्ताच्या लग्नाला गेलता. तिथं एक मुलगी वाढप्यांना झाडत होती, कारण शेवटच्या पंगतीला बायका बसल्या आणि त्यांनी जिलबी संपली म्हणून सांगितलं. तिनं आत जाऊन लपवलेली परात शोधून आणली आणि स्वतः वाढली. हा हातात ताट घेऊन बघत उभा राहिला. नाव स्वप्नाली. वडिलांचे यंत्रमाग आहेत, बीकॉम झाली आहे, कारखान्याचं सगळं तीच बघते. "ही न्हाय झाली तर मला दुसरी नगं," असं म्हणताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की मला त्याची दया आली. एवढ्या मोठ्या देहात एवढीशी इच्छा होती आणि ती मात्र खरी होती.

मध्यस्थामार्फत बोलणी निघाली. मुलीकडच्यांनी मुलाची माहिती मागवली. बाळासो म्हणाले, माहिती कशाला लिहायची, छापलेलीच आहे की. आणि त्यांनी मुलाचं पान प्लास्टिकमध्ये घालून मध्यस्थाच्या हाती इचलकरंजीला धाडलं.

बघायला जायच्या दिवशी मलाही जीपमध्ये घातलं. एरवी तालमीच्या जेवणावळीत शेवटच्या पंगतीपर्यंत ज्यांना माझी आठवण होत नाही, ते बाळासो त्या दिवशी म्हणाले, "शिकलेला माणूस बरोबर आसला की वजन पडतंय." वजन हाही शेवटी एक रकानाच.

हंबीरराव, म्हणजे मुलीचे वडील, दारात उभे होते. "या पावणं, या," म्हणून त्यांनी हाताला धरून आत नेलं. बाजूच्या शेडमध्ये माग खडखडत होते, त्यामुळे सगळे जण थोडे ओरडूनच बोलत होते. पोहे आले. स्वप्नाली आली, समोर बसली, आणि बाळासोंनी सुरुवात केली. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, वजन किती, जरा उभी राहा, स्वयंपाक काय काय येतो. आपल्या देशात मुलीला विचारायच्या प्रश्नांचाही एक संच आहे आणि तो छापायची गरज पडत नाही. तिनं सगळ्याची उत्तरं दिली. आदर्श जमिनीकडे बघून घाम पुसत होता.

मग तिची आई विठाबाई आतून आली. तिच्या मागं दोन गडी, आणि गड्यांच्या हातात दुधाच्या दोन भरलेल्या किटल्या. किटल्या आदर्शसमोर ठेवल्या गेल्या. शेजारी पितळेचा तांब्या.

"सकाळधरनं आळीतनं गोळा केलंय बघा," विठाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात चेष्टेचा लवलेश नव्हता. "तीन घरात आज च्या झाला न्हाय. पर पावण्याचा खुराक मोडला आसं व्हायला नगं. बारा लिटर पुरं हाय, मापून घेतलंय."

मी पोह्यांत तोंड घातलं. त्या माऊलीनं पानावरचा आकडा जसाच्या तसा खरा मानला होता. पाहुण्याचं जेवण आधी कळवलेलं आहे आणि आपल्या घरी ते कमी पडलं तर अब्रू जाईल, एवढंच तिला कळत होतं.

"ह्ये... रोज घेता न्हवं?" हंबीररावांनी काळजीच्या आवाजात विचारलं. "न्हाय म्हंजे, औंदा धोंड्याचा महिना हाय. लगीन झालं तर जावई महिनाभर हितं ऱ्हाणार. तशी तयारी कराय लागंल, म्हशी बांधायला लागतील."

आता बाळासोंनी हसून विषय टाळला असता तर सगळं निभावलं असतं. पण बाळासोंना विषय टाळायची सवयच नव्हती. ते म्हणाले, "रोज म्हंजे काय, येळंला ज्यादा बी हुतंय. छापील हाय की. छापल्यालं खोटं आसतंय व्हय?" आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आणखी एक घास घेतला.

आदर्शनं तांब्या उचलला. पहिला तांब्या त्यानं चांगला पैलवानासारखा संपवला. दुसराही. तिसऱ्याला मानेवरची शीर उभी राहिली. विठाबाई पुन्हा पुन्हा भरत होती, "घ्या की, लाजू नगा, घरचंच हाय." चौथ्या तांब्याला त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि बाळासो मागून हळूच म्हणाले, "पी की रं, इज्जत जाईल." पोरानं अर्धा तांब्या आणखी ढकलला. मग तांब्या खाली ठेवला, तोंडावर रुमाल धरला आणि थोड्या वेळानं रुमालाआडूनच बोलला.

"काकी, माफ करा. बारा न्हाय. दोन लिटर. ते बी च्याचं धरून."

बाळासोंचं तोंड तांब्यासारखंच पिवळं पडलं. विठाबाई किटल्यांकडे बघत राहिली. ज्या तीन घरांत चहा झाला नाही त्यांना ती आता काय सांगणार, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तेव्हा स्वप्नालीनं पहिल्यांदा आपण होऊन तोंड उघडलं. बाळासोंनी धाडलेलं पान तिच्या हातातच होतं.

"लाइट गेली की कारखान्यात आम्ही बी ह्योच डाव टाकतो," ती म्हणाली. "तुमचाच सेट हाय. ह्ये पान मला चांगलं माहिताय. आपण बोलायचं तर बरं, दुसऱ्यानं बोललं की गेलं." मग ती माझ्याकडे वळली. "तुम्ही छापलाय न्हवं? मग नेम तुम्हीच सांगा. आत्तापातूर सगळं रकानं ह्यांनीच बोललं. उंची, वजन, सैपाक. खुराकात ह्यांचं पान पडलं. आता बोलायची पाळी कुणाची?"

"तुमची," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? नियम मीच छापला होता.

"काम," ती म्हणाली आणि थेट आदर्शकडे बघितलं. "मी सकाळी सात वाजता शेडमदी जाते आणि दिवा लागल्यावर भाईर येते. तुमचं सांगा."

आदर्शनं तोंड उघडलं. सांगण्यासारखं काही असतं तर त्या पोरानं नक्की सांगितलं असतं, इतक्या आशेनं तो तिच्याकडे बघत होता. पण काही आठवेना.

"आसला रकाना आमच्या पत्त्यात न्हाय!" बाळासो गरजले.

"तेच म्हणतोय की आम्ही," हंबीरराव पहिल्यांदाच सरळ आवाजात म्हणाले.

स्वप्नाली उठली. उठता उठता तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि किटल्या शेडमधल्या गड्यांकडे पाठवायला सांगितल्या, म्हणजे सगळ्यांचा चहा होईल. दारातून आत जाताना ती थांबली.

"नेमानं पान माझं झालं. त्येवढं ठिवून घेते," ती म्हणाली. "माणूस घिऊन जावा."

परतीच्या वाटेवर दोनदा जीप थांबवावी लागली. दोन्ही वेळा आदर्श रस्त्याच्या कडेला वाकला आणि दोन्ही वेळा बाळासो जीपमध्येच बसून बडबडत राहिले. पोरगी आखडू आहे. यंत्रमागवाल्यांना पैलवानकी काय कळणार? चूक एवढीच झाली की आकडा थोडा कमी पडला. "प्रसेन," ते म्हणाले, "दुसरी आवृत्ती काढू. औंदा पंधरा लिटर लिव."

मीही काही त्यांच्याहून शहाणा नाही. मी विचारलं, "प्रती किती काढायच्या?"

आदर्श जीपमध्ये येऊन बसला. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. बापासमोर त्यानं कधी आवाज वर केलेला मी ऐकला नव्हता, आणि आताही केला नाही.

"दोनच लिवा, दादा. न्हायतर माझं पानच छापू नगा."

"दोन लिटरचं पान कोण ठिवून घेतंय रं?" बाळासो ओरडले.

"बाराचं घेतलं की ठिवून, आबा," आदर्श म्हणाला. "मला कुठं घेतलं?"