निळ्या धुराचा निवाडा

जुन्या मोटारींच्या संघटनेच्या तांत्रिक समितीने दिलेला निर्णय असा: ‘सदर मोटारीच्या इंजिनाची पुनर्बांधणी सदोष आहे, पिस्टनच्या रिंगा चुकीच्या बसवल्यामुळे निळा धूर निघतो, सबब इंजिन उघडून दुरुस्त केल्याखेरीज मोटारीस रविवारच्या फेरीत प्रवेश मिळणार नाही.’

यातले ‘धूर निघतो’ एवढे खरे आहे. ‘समिती’ हे आदरार्थी बहुवचन समजावे; उरलेले सदस्य परगावी होते आणि निर्णय एकट्या आमच्या मामांचा होता. तपासणीचे म्हणाल, तर मामा फाटकातून आत आले तेव्हा मोटार बराच वेळ चालू होती. त्यांनी मागे वाकून पाहिले, नाकाला रुमाल लावला, ‘रिंगा,’ एवढे उच्चारले आणि खुर्चीत बसून उरलेला वेळ वाक्यरचनेवर खर्च केला. शेवटचे पान चाळून ग्रंथावर अभिप्राय देणारे विद्वान मला नवे नाहीत. पण ते निदान ग्रंथ फाडायला सांगत नाहीत.

इथे फाडला जाणार होता तो माझ्या ताईचा ग्रंथ. ‘म्हातारी’ म्हणून घरात ओळखली जाणारी ती मोटार तिने खिळखिळ्या अवस्थेत आणली, सुटी केली आणि मागच्या शेडमध्ये एकटीने पुन्हा उभी केली. नुकतीच नोकरी सोडून तिने त्याच शेडवर स्वतःच्या वर्कशॉपची पाटी लावली होती. फेरी हुकली असती तर तिने ती सोसली असती. पण ज्या मंडळींकडे जुन्या मोटारी आहेत ती सगळी या संघटनेत आहेत, आणि ‘पहिलंच इंजिन धूर ओकतंय’ ही कीर्ती एकदा पसरली की त्या पाटीखाली कुणी सायकलसुद्धा लावली नसती.

तिने अपील केले नाही असे नाही. चारही सिलिंडरांचा दाब गेज लावून मामांना दाखवला. आकडे सख्ख्या भावंडांसारखे होते. मामा म्हणाले, गेज स्वस्तातले दिसते. प्लग काढून दाखवले: कोरडे, बिस्किटाच्या रंगाचे, रिंगांतून ऑइल वर चढून जळत असल्याचा मागमूस नाही. मामा म्हणाले, प्लग नवे आहेत, त्यांना अजून काही कळलेले नाही. पुरावा आणि मत यांच्यात इतके सौजन्यपूर्ण अंतर राखणारा माणूस विद्यापीठात असता तर कुलगुरू झाला असता.

शनिवारी सकाळी समिती इंजिन उघडण्यावर देखरेख करायला सपत्नीक हजर झाली.

“लाव पाना, पोरी,” मामा म्हणाले. “रिंग चुकली तर चुकली. त्यात लाजायचं काय?”

“लाजत नाहीये मामा, चिडलेय.”

“चिडून नट सैल होत नाही.”

“अहो समिती,” मामी म्हणाल्या, “तुम्ही जरा खुर्चीत बसा. पोरीच्या उजेडात उभे राहू नका.”

ताईने पाना हातात घेतला खरा, पण नटवर ठेवून ती तशीच उभी राहिली. गेल्या महिन्यात तिने इंजिनावरचे ते झाकण, म्हणजे हेड, बसवले तेव्हा कुणाला जवळ श्वाससुद्धा घेऊ दिला नव्हता.

“उघडण्याआधी एकदा पहिल्या पानापासून वाचू,” मी म्हणालो. “गाडी थंड आहे. चालू कर.”

तिने चालू केली. इंजिन पहिल्याच फटक्यात लागले आणि मागून काहीही आले नाही. तिने रेस दिली, सोडली, पुन्हा दिली. नळकांडे स्वच्छ.

“धूर कुठाय मामा?”

“गरम होऊ दे. येईल, येईल,” मामा पाहुण्यांची वाट पाहावी तसे म्हणाले.

आणि आला. बऱ्याच वेळाने, आधी एक बारीक रेघ, मग गुबगुबीत, निळसर, गोडूस वासाचा. मामांचा चेहरा खुलला. ताईचाही खुलला, हे मात्र मामांच्या लक्षात आले नाही.

“रिंगांचा धूर असता तर रेस देताना मघाशीच दिसला असता,” ती म्हणाली. “इंजिन गरम व्हायला एवढा वेळ लागत नाही. एवढ्या उशिरा तापतं ते मागचं डबडं!”

पाइप निवेपर्यंत ती थांबली, मोटारीखाली सरकली आणि तिने सायलेन्सर सोडवून बाजूला काढला. नंतर जो आवाज झाला त्याचे वर्णन करणे सभ्य गद्याला शक्य नाही. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, शेजारचे कुत्रे कॉटखाली गेले, आणि उघड्या पाइपातून इंजिन हवा तितका वेळ ओरडत राहिले. धूर नाही. गरम झाले तरी नाही. ताई स्टिअरिंगवर मुठी आपटत काहीतरी ओरडत होती. ऐकू येत नव्हते, पण दात दिसत होते. मामी टाळ्या वाजवत होत्या.

इंजिन बंद झाल्यावर समितीने तत्परतेने नवा सिद्धांत मांडला. “मग जुन्या इंजिनाचं ऑइल साठलं असेल आत.”

ताईने सायलेन्सर डब्यावर तिरका केला. काकवीसारखी संथ धार लागली. पण ती काळी नव्हती. फिकट, पिवळी, अगदी निर्मळ.

“जुन्या इंजिनातून हे?” मी विचारले.

मामी पुढे झाल्या, बोट बुडवून त्यांनी वास घेतला आणि सावकाश नवऱ्याकडे वळल्या. “हे एरंडेल आहे. माझ्या कपाटाच्या बिजागऱ्यांना, तुमच्या बुटांना, शिलाई मशीनला तुम्ही हेच तर लावता. अहो, शेडचं छप्पर गळत होतं तेव्हा हा सायलेन्सर कुणाच्या गॅरेजमध्ये होता?”

उत्तर सगळ्यांना ठाऊक होते. तसा सायलेन्सर आता कुठेच मिळत नाही, म्हणून मामांनी तो स्वतः, हट्टाने, चादरीत गुंडाळून नेला होता.

मामांचे तोंड एरंडेल प्यायल्यासारखे झाले. मग त्यांच्या खांद्यांना आचका बसला, दुसरा बसला आणि ते इतके हसू लागले की मामींना त्यांना खुर्चीत बसवावे लागले. ताई डब्याशेजारी जमिनीवरच बसून हसत होती. या गृहस्थांबद्दल मी आठवडाभर मनात जे संपादकीय रचले होते ते वाया गेले. हसणाऱ्या माणसावर टिपा लिहिता येत नाहीत. त्यांचे अंतिम निवेदन मात्र शब्दशः देतो. त्यातला स्वल्पविरामही मी हलवलेला नाही:

“हो, मीच ओतलं, आतून गंजू नये म्हणून, आणि रोज सकाळी लेकरासारखं कुशीवर वळवत होतो, सगळीकडे लागावं म्हणून, काढायचं मात्र साफ विसरलो, आणि माझाच धूर बघून पोरीच्या रिंगांना नावं ठेवली. इंजिनात काडीचा दोष नाही. उद्या म्हातारी सगळ्यांच्या पुढे धावेल, आणि कुणी विचारलं तर हे मी स्वतः सांगेन.”