धानाच्या मुळातलं माझं घर

मी एक जिवाणू आहे, मित्रांनो. माझं वय मात्र विचारू नका. पोट भरलं की आम्ही एकाचे दोन होतो. त्यातला पहिला कोण आणि दुसरा कोण, हे आम्हालाही सांगता येत नाही. म्हणून सगळ्यांच्या वतीने मी 'मी' म्हणतो.

धानाच्या मुळात शिरणं हे माझं काम. मुळाच्या पेशी पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाने जोडलेल्या असतात, भिंतीतल्या विटा गाऱ्याने जोडाव्यात तशा. मी एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतो. ते हा गारा थोडासा विरघळवतं. थोडासाच, बरं का. आमच्या काही भाऊबंदांना आवर नाही. ते सगळाच विरघळवतात आणि बटाट्याचा लगदा करून ठेवतात. मला घर पाडायचं नसतं, त्यात राहायचं असतं. त्याबदल्यात हवेतल्या नत्रातून मी रोपाला अन्न करून देतो.

जिवाणू खताच्या पाकिटात बंद होऊन मी लाखांदूरहून एसटीने दिघोरीला आलो, मंदाबाईंच्या पिशवीत, कांद्यांच्या शेजारी. तलावाखालची त्यांची बांधी, म्हणजे धानाचं शेत, दरवर्षी पिवळी पडे. नवरा टेकचंद म्हणाले होते, एक हंगाम तुझ्या मनाने कर. नाही साधलं तर पुन्हा या बांधीबद्दल बोलायचं नाही.

रोवणीच्या सकाळी मंदाबाईंनी टपात पाणी घेऊन मला कालवलं आणि पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या मुळांपर्यंत बुडवायला घेतल्या. रोवणीला आलेल्या गोदावरीबाईंना हसू आवरेना. "पऱ्ह्याले आंघोळ घालून राहिली का वं? मंग पावडरही लाव."

भिजलेल्या काही जुड्या पळसाच्या सावलीत ठेवल्या होत्या. त्यातल्या एका मुळाला मी घट्ट चिकटून होतो. मंदाबाई पुढच्या जुड्या आणायला वळल्या, तेवढ्यात टेकचंदांनी भल्या मनाने टपात रोगाचं निळं औषध ओतलं. तांब्याचं औषध ते. टपात उरलेले माझे सगळे सोबती तिथेच संपले.

"एकाच पाण्यात दोन कामं होतेत," टेकचंद म्हणाले आणि सावलीतल्या जुड्याही त्यात बुडवायला उचलू लागले.

मंदाबाई आडव्या उभ्या राहिल्या. "याले हात लावू नोका. पावणे बोलावले मी, आन् त्यायले जहर पाजलं तुमी. आता हे एवढेच उरले. एवढेच लावीन."

"अर्धी बांधीही नाही होणार."

"नाही होऊ द्या."

उरलेल्या अर्ध्या बांधीत निळ्या पाण्यातली रोपं लागली. इकडे मी चिखलात कामाला लागलो. मूळ काही दार उघडून वाट पाहत नव्हतं. जिथे कोवळं उपमूळ बाहेर फुटतं, तिथली बारीक फट गाठली, विकर सोडलं, थांबलो, पुन्हा सोडलं. आत शिरलो. एकाचे दोन, दोनाचे चार होत राहिलो. शेणखत होतं, तलावाचं पाणी होतं. सगळं मीच केलं असं म्हणणार नाही. पण बांधी निसवायला आली, म्हणजे लोंब्या बाहेर पडू लागल्या, तेव्हा तिच्या मधोमध रेघ दिसत होती. एका बाजूला हिरवं, एका बाजूला फिकं.

टेकचंदांनी दोन्हीकडचं एकेक रोप उपटलं, तलावावर नेऊन मुळं धुतली, बराच वेळ उलटीपालटी करून पाहिली. दोन्ही रोपं घरी आणून मंदाबाईंपुढे ठेवली. जेवताना मंदाबाईंनी त्यांना भात एक वाढणी जास्त वाढला.

मित्रांनो, कापणी झाली म्हणजे आमचं संपतं असं नाही. शेतात उरलेल्या धसकटांच्या मुळांत आम्ही कितीतरी जण तग धरून असतो. म्हणून पेटती काडी टाकण्याआधी, औषध ओतण्याआधी, तिथे कोण राहतं हे एकदा विचारा.

टेकचंद दरवर्षी धसकटं न विचारता पेटवत. या वर्षी काडीपेटी हातात धरून ते पाळीवर, म्हणजे बांधावर, थांबले. "का वं, जाळू का?"

मंदाबाई विळ्याला धार लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"नोका जाळू. घरात लोकं हायेत."